अरादमधला ताप

बहारीनहून परत आल्यापासून दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक हातात पातेलं घेऊन आधी विचारतं, "मावशी, कसं आहे हो बहारीन?" आणि मग भाव पाडून मागतं. भावाचं उत्तर माझ्याकडे तयार असतं. पहिल्या प्रश्नाचं नसतं. खरं सांगायचं तर तो देश मी बराचसा एका खिडकीतून पाहिला. उरलेला मोटारीतून, आणि थोडा दवाखान्याच्या खुर्चीवरून. तरी लिहायला बसले आहे, कारण आमच्या बार्शीच्या बाजूच्या कितीतरी आया लेकींच्या बाळंतपणाला आखातात निघतात. डिंकाचे लाडू भरतात, बाळंतशोपा भरतात, तान्ह्याची दुपटी शिवून नेतात. मीही नेली होती. जे न्यायला हवं होतं ते मात्र मला कुणी सांगितलंच नव्हतं.

अराद

विमानतळ मुहर्रक बेटावर आहे आणि अराद त्याला लागूनच, म्हणून गाडीत नीट टेकायच्या आतच घर आलं. गाडी चालवत होता माझा जावई प्रसाद. इथल्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे, मोजकं बोलतो. मी त्याला सांगत होते की विमानात शेजारचा माणूस मुंबईपासून खोकत होता, तोंडावर ना हात ना रुमाल. हवाई सुंदरीला म्हटलं, मला दुसरी जागा दे. ती म्हणाली, विमान भरलंय. मी म्हटलं, मग ह्याला दे. प्रसाद हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. "खोकत होता?" एवढंच म्हणाला आणि त्याने गाडीच्या काचा खाली केल्या.

दार माझ्या लेकीने उघडलं. रेश्मा माझी एकुलती एक. इथे एका कंपनीत हिशेब बघते, सध्या बाळंतपणाच्या रजेवर. तिच्या मागे सोफ्यावर विहीणबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर माझी नात इरा होती. माझा पासपोर्ट वेळेत आला नाही म्हणून त्या माझ्याआधी येऊन पोचल्या होत्या. मी बॅग टाकली आणि दोन्ही हात पुढे केले. रेश्माने त्या हातांत बाळ दिलं नाही. मास्क दिला.

"आधी अंघोळ कर, आई. कपडे सगळे मशीनमध्ये टाक. आणि बाळाच्या जवळ यायचं नाही."

"किती वेळ?"

"दोन आठवडे."

मला वाटलं, थट्टा करते. पण तिचा चेहरा थट्टेचा नव्हता. डोळ्यांखाली काळं झालं होतं, आणि ती दार अडवून उभी होती, तिच्याच आईसमोर.

मग रेश्माने बसून सगळं सांगितलं. इरा दिवस भरायच्या बऱ्याच आधी जन्मली, फुप्फुसं कच्ची होती. काचेच्या पेटीत होती, नाकात नळी होती. हे मला फोनवर कळलं होतं. पुढचं कळलं नव्हतं. इथे थंडीत इन्फ्लूएन्झाची लाट येते, जरा उतरते, परत येते. एवढ्या लहान बाळाला ती लस देता येत नाही. म्हणून भोवतीच्या प्रत्येक माणसाने घ्यायची, आणि ती अंगात मुरायला दोन आठवडे द्यायचे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. प्रसादने घेतली होती, रेश्माने घेतली होती. विहीणबाई पुण्याहून घेऊनच आल्या होत्या.

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

प्रसादने रेश्माकडे बघितलं.

"पुण्याला फोन लागतो, बार्शीला लागत नाही व्हय?"

"तुला सांगितलं असतं तर तू भांडली असतीस," रेश्मा म्हणाली. "भांडून लस न घेताच आली असतीस, नाहीतर आलीच नसतीस. मला तू हवी होतीस गं."

पहिलं खरं होतं. दुसरं कधीच नाही.

ह्या भांडणाचं मूळ सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझं वैर सुईशी नाही, रांगेशी आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत रेश्माचे बाबा लसीसाठी शाळेच्या पटांगणात उभे राहिले. भर उन्हात, एकाच्या पाठीला दुसऱ्याचं पोट. दुपारी आतून सांगितलं, डोस संपले, उद्या या. ते उद्या गेले. परवाही गेले. शेवटी लस न मिळताच खोकला घेऊन घरी आले. त्यानंतरचं लिहीत नाही. त्या उन्हाळ्यात ज्यांनी प्राणवायूच्या टाकीसाठी फोन फिरवले त्यांना सांगायची गरज नाही. मी डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन गल्लोगल्ली जुन्या कपड्यांवर स्टील विकलं आणि त्यातून दुकान उभं केलं. आयुष्यभर कुणी मला फसवू शकलं नाही. त्या पटांगणाने फसवलं. नंतर सगळीकडे कागद मागायला लागले म्हणून दोन सुया घेतल्या, त्याही दातओठ खात. मग ठरवलं, खलास. आता कुणी लस म्हणालं की त्या दिशेला पाय टाकायचा नाही.

"बरं," मी त्या संध्याकाळी म्हटलं, "एक आठवडा. मास्क लावते, हात धुते, दोन पदर आडवे धरते."

"नाही."

"मग मांडीवर नको. नुसती पाळण्याशी बसते."

"नाही, आई."

"दारात उभी राहते."

रेश्माने थोडा विचार केला. "दारात चालेल. मास्क लावून."

विहीणबाई निवृत्त शिक्षिका. कधीही बोलल्या तरी मागे फळा असल्यासारख्या बोलतात. म्हणाल्या, "विहीणबाई, ह्या बाबतीत घासाघीस चालत नाही हो."

"तुमचा सौदा झालाय ना," मी म्हटलं. "गिऱ्हाइकाने बाजूला व्हावं."

त्यांनी बाळाचं दुपटं सारखं केलं. मी मधल्या खोलीत बॅग उघडली आणि लाडवांचा डबा इतक्या जोरात आपटला की झाकणाला पोचा आला. पितळी असतं तर आला नसता.

किल्ल्याची वाट

सकाळी प्रसाद मला फिरायला घेऊन गेला. घराजवळच अरादचा किल्ला आहे. किल्ला म्हटल्यावर मी मान वर करून बघत होते, तर तो जमिनीवरच होता. आपल्याकडचे किल्ले डोंगरावर चढून बसतात. हा पाण्याच्या काठाशी बसलाय, बुटका, पांढुरका, चारी कोपऱ्यांना गोल बुरूज. पलीकडे खाडी. ओहोटी होती. चिखलात लांब पायांचे पक्षी चोची खुपसत होते. पाण्याच्या कडेने फिरायची वाट केली आहे, तिच्यावर काळा पायघोळ अबाया आणि खाली पळायचे बूट घातलेल्या बायका भराभर चालत होत्या. डोक्यावरून विमानं इतकी खाली उतरतात की चाकं दिसतात. हवा बार्शीच्या डिसेंबरासारखी, फक्त वारा जास्त आणि त्याला मिठाचा वास.

"आई, एक विचारू?" प्रसाद म्हणाला. "लस घेणार का?"

"नाही."

"मग दोन आठवड्यांनीसुद्धा उपयोग नाही. ते दोन आठवडे लस घेतल्यावर मोजायचे असतात."

हे मला आदल्या दिवशी नीट समजलं नव्हतं. मला वाटलं होतं, दिवस गेले की बाळ मिळेल. मी वाटेतच उभी राहिले. "म्हणजे तुम्ही लोकांनी मला असा भाव सांगितलाय, जो मी देणारच नाही हे तुम्हाला माहीत आहे."

"मी भाव सांगितलेला नाही, आई. डॉक्टरांनी सांगितलाय."

"डॉक्टरांनी माझ्या माणसाला पण उद्या या म्हणून सांगितलं होतं!"

पळायचे बूट घातलेल्या दोघी वळून बघायला लागल्या. प्रसाद नुसता पुढे चालायला लागला. तेच मला जास्त लागलं. समोरचा भांडला की मला धीर येतो.

घरी आलो तेव्हा विहीणबाई बाळाचे कपडे बदलत होत्या. मी दारात उभी राहिले, ठरल्याप्रमाणे. इरा उघडी होती. तिची छाती माझ्या तळहाताएवढी. एका गालावर लालसर चौकोन होता, नळी चिकटवायच्या पट्टीचा, अजून गेला नव्हता. ती श्वास घ्यायची तेव्हा बरगड्यांखाली बारीकसा खळगा पडायचा, भरायचा, परत पडायचा. "एवढं चालतं म्हणालेत," विहीणबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "हळूहळू कमी होईल म्हणालेत." पण कपडे घालताना त्यांची नजरही त्या खळग्यावरच होती.

मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक.

"कुठे आहे तो दवाखाना?" मी विचारलं.

"कुठला?"

"सुई टोचतात तो."

उम्म अल हस्सम

दवाखाना मनामात, उम्म अल हस्सम नावाच्या वस्तीत होता. एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला बिर्याणीचं हॉटेल. मी घरून निघतानाच मनाची तयारी केली होती: पाण्याची बाटली, टोपी, पायात साधी चप्पल, कारण रांगेत पाय सुजतात. आत गेलो तर थंडगार हवा, ओळीने खुर्च्या, आणि त्यांवर एकच माणूस, तोही डुलक्या घेत होता. रेश्माने काउंटरवर माझा पासपोर्ट दाखवला, पैसे भरले, आणि आतून लगेच नाव पुकारलं.

सुई देणारी सिस्टर इथलीच, बहारीनी. नाव झैनब. काळा स्कार्फ, रुंद चेहरा, आणि हिंदी अशी बोलत होती जशी वॉर्डात शिकतात, व्याकरण सोडून. "अम्मा, इधर बैठो."

"बाकी लोग किधर है?" मी विचारलं.

"कौन लोग?"

"लाइन. लाइन किधर है?"

"लाइन मफी," ती म्हणाली. मग मला कळावं म्हणून, "नहीं है."

मी उठले. मला काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. मी मराठीतच ओरडायला लागले. "नाही म्हणजे? खुर्ची आहे, गारवा आहे, आणि लाइन नाही? माझा माणूस तीन दिवस उन्हात उभा राहून गेला आणि तुम्ही इथे मला बसा म्हणताय?" बाहेरचा माणूस जागा झाला. रेश्माने माझा दंड धरला. बाबांचं नाव आम्ही दोघी एकमेकींसमोर काढत नाही.

"क्या बोलती है?" झैनबने विचारलं. रेश्माने इंग्रजीत थोडक्यात सांगितलं.

झैनबने हातातला ट्रे खाली ठेवला. मला वाटलं आता सॉरी म्हणेल, आणि मग मी आणखी चिडेन. तिने सॉरी म्हटलं नाही. "अम्मा, उस टाइम इधर भी लाइन था. गाड़ी का लाइन, गर्मी में. हम प्लास्टिक का कपड़ा पहनके खड़ा था. हमारा एक सिस्टर घर गया, वापस नहीं आया." तिने रिकाम्या खुर्च्यांकडे हात केला. "अभी ये देखो. लोग भूल गया. फ्लू ज़ोर से आएगा तो सब भागके आएगा, चिल्लाएगा, जल्दी करो सिस्टर. नीचे गया, खलास, कोई नहीं. तुम लाइन माँगता है? अगला महीना आओ, मिलेगा."

मी बसले आणि दंड पुढे केला.

सुई लागली तेव्हा मी विचारलं, "दो मारो. एक हफ्ते में हो जाएगा?"

ती पहिल्यांदा हसली. "दस मारेगा तो भी दो हफ्ता."

"दस दिन?"

"अम्मा!"

कापूस दाबत तिने सांगितलं आणि रेश्माकडे बघत परत सांगितलं: "हाथ दुखेगा. थोड़ा बुखार आ सकता है, एक दिन, दो दिन, मुश्किल नहीं. लेकिन नाक बहेगा, गला दुखेगा, खाँसी आएगा, वो इसका नहीं है. वो बाहर का है. वो हुआ तो इंजेक्शन को गाली नहीं देना. फोन करना."

परतताना मुहर्रकच्या जुन्या बाजारात हलवा घ्यायला थांबलो, कारण रेश्माचा जीव आता हलका झाला होता आणि तिला मला काहीतरी दाखवायचं होतं. बहारीनचा हलवा आपल्या शिऱ्यासारखा नसतो. केशराचा, चकाकणारा, चमच्याने उचलला तर थरथरतो, आणि खाली तुपाचा तवंग. दुकानाच्या मागे तो केवढ्या तरी तांब्याच्या कढईत उकळत होता, आणि मी हलव्याआधी कढई बघितली. जाड पत्रा, कल्हई ताजी, हातोडीचे ठोके एकसारखे. मालकाला खुणेने सांगितलं, भांडं उत्तम. तो खूश झाला आणि त्याने कानाशिवायच्या इवल्याशा कपात कॉफी दिली, कडू, वेलचीची. संपली की परत ओतली. परत ओतली. नको म्हटलं तरी ओततोय. शेवटी रेश्माने सांगितलं, पुरे झालं की कप जरासा हलवायचा. आपल्याकडे पानावर आडवा हात धरतात तसं. तोवर माझी चार झाली होती.

भावावरून आमची जुंपलीच. तो "बार्गेन मफी" म्हणत राहिला आणि मी कढईकडे बोट दाखवत राहिले. शेवटी भाव तोच राहिला आणि एक लहान डबा वर आला. गाडीत बसताना मी त्या दिवसात पहिल्यांदा खुशीत होते. तेवढ्यात अंगावर शहारा आला. मी प्रसादचं गाडीतलं जॅकेट ओढून घेतलं.

ताप

रात्री जेवायच्या आधीच अंग तापलं. घरात कुणी घाबरलं नाही, उलट आनंदच झाला. "लस लागू पडली!" विहीणबाई म्हणाल्या. "ताप आला म्हणजे अंगाने लस घेतली. मलासुद्धा पुण्यात एक दिवस आला होता." त्यांनी मला मेतकूट-भात करून दिला. मी म्हटलं, "भाकरी नाही का?" त्या म्हणाल्या, "आजारी माणसाने भाकरी मागायची नसते." मी म्हटलं, "आजारी नाही हो मी, लागू पडलीय मला." दोघी हसलो. सोयरीक झाल्यापासून आम्ही एकत्र हसल्याचं मला हे पहिलंच आठवतं.

सकाळी ताप होताच. दुपारपर्यंत घसा आत कुणी घासणी फिरवावी तसा झाला. मग नाक गळायला लागलं. मी बॅगेतल्या कोरड्या दुपट्याला नाक पुसलं आणि तशीच बसून राहिले. झैनबचे शब्द मला शब्दशः आठवत होते. माल घेताना दुकानदार काय बोलला ते मी कधी विसरत नाही. पण मला ते आठवायला नको होतं. विहीणबाईंचं बरोबर असावं अशी माझी फार इच्छा होती. ताप लसीचा, घसा कॉफीचा, नाक वाऱ्याचं. असं एकेक करून मी प्रत्येकाला गिऱ्हाईक शोधत होते.

तेवढ्यात दार वाजलं आणि लगेच उघडलं. रेश्मा होती. तिच्या हातात इरा.

"आई, मास्क लाव. दोन मिनिटं."

मास्क उशाशी होता, पण माझा हात दुपट्यावरच राहिला.

"काल तू तिथे बाबांचं बोललीस," ती म्हणाली. "आणि तरी बसलीस. मी रात्रभर तोच विचार करत होते. मला नाही मोजायचे आता दिवस. लसीचाच ताप आहे, तो काही लागत नाही. सासूबाई पण म्हणाल्या, दे. घे."

ती पलंगापासून हाताच्या अंतरावर आली. बाळ झोपेत होतं, ओठ चोखल्यासारखे हलत होते. गालावरचा तो लाल चौकोन फिका झाला होता. ज्यासाठी मी समुद्र ओलांडून आले, भांडले, दंड पुढे केला, ते माझ्यासमोर धरलेलं होतं आणि मला फक्त हात उचलायचे होते. नाकातून पाणी ओठावर आलं.

"बाहेर हो," मी म्हटलं.

"काय?"

"बाहेर हो म्हणते ना! जवळ येऊ नको!" मी पलंगावरून मागे सरकत भिंतीला टेकले आणि दुपटं तोंडावर दाबलं. इरा दचकून जागी झाली. रेश्माचा चेहरा लहानपणी मारल्यावर व्हायचा तसा झाला.

"रुसलीस? मी स्वतः घेऊन आले तर आता तू भाव खातेस?"

"भाव नाही गं. लसीचा ताप नाही हा. नाक वाहतंय. जा. दार लावून घे. अंघोळ कर तू पण."

"सगळं तुझ्याच मनासारखं व्हायला पाहिजे ना! दिलं नाही तरी भांडण, दिलं तरी भांडण!"

ती गेली. मी उठून आतून कडी लावली. बाहेर प्रसादचा आवाज आला, शांत, पण ह्या वेळी त्याच्यात धार होती: "आई, तुम्हाला नक्की हवंय काय?" मी आतून म्हटलं, "त्या झैनबला फोन लावा." तो म्हणाला, "थोडं बरं वाटेल तुम्हाला, उद्या बघू." मी म्हटलं, "प्रसादराव, आजवर तुमच्याकडे मी काही मागितलं नाही. आता मागते, आणि ह्यात घासाघीस नाही. गाडी काढा."

पंधरा मिनिटं बाहेर कुजबुज चालली. मग गाडीची किल्ली वाजली.

दवाखान्यात नाकात काडी घातली. आम्ही दोन खुर्च्या सोडून बसलो, दोघांच्या तोंडावर मास्क. आतून डॉक्टर आले आणि प्रसादशी इंग्रजीत बोलले. "फ्लू पॉझिटिव्ह" एवढं मला कळलं. प्रसादने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. मग म्हणाला, "रेश्मा तिला घेऊन किती जवळ आली होती?"

"हाताच्या अंतरावर."

"तुम्ही घेतलं असतं तर..." मी त्याला पूर्ण करू दिलं नाही.

मधली खोली

खोलीला एक खिडकी होती आणि तिच्यातून किल्ल्याचा एक बुरूज आणि खाडीचा तुकडा दिसायचा. बहारीनचं वर्णन विचारणाऱ्यांना मी हेच सांगते: भरती आली की पाणी निळं होतं, ओहोटीला तपकिरी, आणि अधूनमधून विमानाची सावली त्याच्यावरून सरकते. गोळ्या मिळाल्या होत्या. ताट दाराबाहेर ठेवलं जायचं. समोरच्या बहारीनी शेजारणीला कळलं तशी तिने गहू आणि मटण एकजीव शिजवलेली हरीसची थाळी पाठवली. विहीणबाई स्वतः मटणाला हात लावत नाहीत, तरी त्यांनी ती गरम करून मला दिली. आणि थाळी रिकामी परत करायची नाही म्हणून माझे डिंकाचे लाडू तिच्यात घालून पाठवले. ह्या बाबतीत आमची बार्शी, त्यांचं पुणं आणि हे अराद एकाच मताचे निघाले.

पण मी जेवताना, झोपताना, सगळा वेळ एकच काम करत होते: भिंतीला कान लावून बसायचं. पलीकडे पाळणा होता. माझ्यामुळे बाळाला काही झालं की नाही, हे कळायला काही दिवस जाणार होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं: दूध कमी प्यायली, श्वास जोरात चालला, छातीत खळगा खोल पडला, तर थांबू नका. रेश्मा तास-तासाने श्वास मोजायची, मोठ्याने. मला तिचे आकडे ऐकू यायचे आणि मी इकडे सोबत मोजायचे. तिचा आवाज जरा जरी अडखळला की मी दाराशी धावायचे.

एकदा शिंक ऐकू आली. लहान, मांजराच्या पिलासारखी. मी दाराशी आले. "कोण शिंकलं?"

"विहीणबाई, बसा हो," पलीकडून आवाज आला. "बाळं शिंकतात."

"किती वेळा?"

"एकदाच."

"नक्की?"

"मी पस्तीस वर्षं हजेरी घेतली आहे. एकदाच."

मग एका दुपारी पलीकडून खोकला ऐकू आला, खराच. एका मागून एक तीन. पलीकडे पावलांची धावपळ, गाडीच्या किल्ल्या, दार आपटलं, आणि मग घरात कुणीच नाही. मी त्या शांततेत पलंगावर बसून राहिले. कुणावर ओरडावं ते कळेना. रांगेवर ओरडता येईना, कुठे रांगच नव्हती. विमानातल्या त्या खोकणाऱ्या माणसाला मी आठवत राहिले. त्यालाही कुठल्या तरी दारात कुणी हात पुढे करून उभं असेल. हे मला आवडलं नाही. मला त्याला नुसत्या शिव्या द्यायच्या होत्या.

दिवेलागणीला ते परत आले. रेश्मा माझ्या दाराशी येऊन थांबली. दार बंदच होतं.

"दूध चुकीच्या घशात गेलं होतं," ती म्हणाली. "तपासलं. काही नाही. छाती मोकळी आहे."

मी आतून दाराला टेकले. ती तिथेच जमिनीवर बसली असावी, कारण तिचा आवाज खालून आला. "मी तुला भाव खातेस म्हणाले."

"मग? खाते मी. सगळ्या बार्शीला माहीत आहे."

"त्या दिवशी नाही खाल्लास."

"जा, हात धू. इथल्या दाराला हात लावलास."

ती हसली की रडली, दारातून कळलं नाही. पण उठली आणि नळाचा आवाज आला.

शेवटचे दिवस

मी बरी झाले, परत तपासणी झाली, झैनबने सांगितलेले दोन आठवडेही त्यातच सरले. इरा तोवर किलोभराने नाही तरी डोळ्यांना दिसेल एवढी भरली होती. माझं परतीचं विमान जवळ आलं होतं. सकाळी उन्हं खोलीत आली तेव्हा रेश्मा म्हणाली, "आई, हात धू." मी कोपरापर्यंत धुतले. खुर्चीत बसले. विहीणबाईंनी उठून बाळ स्वतःच्या हाताने माझ्या मांडीवर ठेवलं, मानेखाली माझा दंड सरकवला, मी कधी मूल धरलंच नाही अशा काळजीने. मी त्यांना तसं करू दिलं.

इराने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. ह्या बाईचा चेहरा तिने कधी मास्कशिवाय पाहिला नव्हता. तिचा खालचा ओठ बाहेर आला आणि ती रडायला लागली. रडायला म्हणजे ओरडायला. सारं अंग ताठ करून, मुठी आवळून, घर दणाणून टाकत. प्रसाद आतून धावत आला. रेश्माचा हात आपोआप पुढे आला.

"द्या इकडे," विहीणबाई म्हणाल्या, "माझ्याकडे लगेच शांत होते."

"राहू द्या."

"अहो, रडतेय ती!"

मी तिचं अंगडं वर केलं. छाती जोरात वरखाली होत होती, आणि बरगड्यांखाली काहीच नव्हतं. खळगा नाही, सावली नाही. तिने दम घेतला आणि परत सुरू केलं, आधीपेक्षा मोठ्याने. माझ्या कानांना दडे बसले.

"रडू द्या," मी म्हटलं. "ऐकू द्या मला."

आणि आम्ही चौघं तिथे ऐकत राहिलो.